गौरीची हजेरी

४ ऑगस्ट, सोम.
अंगणवाडीत तपासणीची गाडी आली. सुरेखा या वेळी आपणहून लेकीला, गौरीला कडेवर घेऊन आली. पोरगी पाच वर्षांची, अजून उभी राहत नाही. डॉक्टर मॅडमनी पाय वाकवून पाहिले. घोटे कडक. मला विचारलं, "आधीच्या तपासण्यांना ही कुठं होती?"
मी रजिस्टर चाळत बसले. दर वेळी 'हजर'. माझंच अक्षर.

५ ऑगस्ट
वस्ती लांब, उसातली वाट चिखलाची, म्हणून गौरीचा खाऊ तीन वर्षं मीच पोचवला. वजनही तिथंच. बाई किती मायाळू, असं लोक म्हणायचे. मला आवडायचं, खोटं कशाला लिहू? तपासणीच्या दिवशीही मीच सांगायचे, "राहू दे गं, एवढ्या लांबून कशाला आणतेस? मी लावते हजेरी."
मोठी आली उपकार करणारी.

८ ऑ., शुक्र.
देवळालीपर्यंत सु.च्या दिराची गाडी, पुढे एसटीनं नगरला, मॅडमनी सांगितलेल्या दवाखान्यात. व्यायाम शिकवणारे सर म्हणाले, दुसऱ्या वर्षी सुरू केलं असतं तर एव्हाना धरून उभी राहिली असती. आता रोज पाय ताणायचे, खास बूट, दर आठवड्याला फेरी. सु.नं विचारलं, चालायला लागेल का? सर म्हणाले, "बघू."
परतताना सु. म्हणाली, "ताई, तुमी हुता म्हनून हितवर आलो. न्हाईतर आमाला कोन सांगनार हुतं?"
हजेरीचं सांगायचं सोडून मी गौरीचा फ्रॉक सारखा करत बसले. भित्री मेली.

१३ ऑ.
वस्तीवर गेले. मला पाहिलं की गौरी हात पुढे करते, "बाई, खाऊ!" आज खाऊ बाजूला ठेवून पाय धरला, तर किंचाळली. आजी म्हणाल्या, "कशाला लेकराचे हाल करता? हाय तसं ऱ्हाऊ द्या." राग आला. मग आठवलं, मीही 'राहू दे'च म्हणत होते. फक्त गोड आवाजात.

१८ ऑ., सोम.
सांगितलं सु.ला. हजेरीचं, सगळंच. ती गौरीचा पाय चोळत होती, हात थांबला.
"म्हंजे गाडी यायची, आन् तुमी आमाला घरी बसवायच्या?"
व्हय म्हणाले. आणखी काय म्हणणार? माफ कर म्हणायचं तर राहूनच गेलं.
निघताना खाऊचं पाकीट माझ्या पिशवीत परत टाकलं तिनं. "खाऊ हितं आनू नका आता. यायचं तर आमी तिकडं येऊ."
यायचं तर.

१९ ऑ.
अकरा वाजले. मुलं जेवायला बसली. दारातून उसाची वाट दिसते, तिकडेच लक्ष. हजेरी घेतली. गौरीपुढची चौकट कोरी ठेवली आहे.