सल्ला न देणारी सून

येरवडा, पुणे
रविवार

आदरणीय कांताताईस,

धाकट्या सीतारामचा सादर जय भीम. तुझा गुडघा काय म्हणतो? (डॉक्टर काय म्हणतात ते विचारत नाही. डॉक्टरांचं तू ऐकत नाहीस आणि गुडघा तुझं ऐकत नाही.) साताऱ्यात आता थंडी असेल, पायमोजे घालत जा. आम्ही सगळे खुशाल आहोत. मागच्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, सूनबाई सध्या काय करते, तेव्हा मी "आवाज येत नाहीये" म्हणून फोन ठेवला. आवाज उत्तम येत होता. उत्तर एका दमात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आपली सेलाम लाइफ कोच झाली आहे. करिअर कोचसुद्धा. सोसायटीत ही बातमी फुटली तेव्हा एक गृहस्थ मुलाला फिरकी गोलंदाजी शिकवायची म्हणून घेऊन आले आणि दुसरे नववीच्या गणितासाठी. मलाही समजायला वेळच लागला. माणसं आपली अडचण घेऊन येतात, ही ऐकते, प्रश्न विचारते आणि सल्ला मात्र देत नाही. अजिबात नाही. ज्या शहरात नुसता पत्ता विचारला तरी "तिकडे कशाला जाताय?" इथपासून सल्ला सुरू होतो, आणि तोही फुकट, तिथे सल्ला न देण्याचा व्यवसाय काढायला काय छाती लागत असेल, तूच विचार कर.

तू तिला लग्नात विहारात पाहिलंस, पण त्याआधीचं तुला फारसं ठाऊक नाही. अदिस अबाबाहून शिष्यवृत्तीवर अर्थशास्त्र शिकायला ती इथे आली, तेव्हा तिला घरची अम्हारिक, इंग्रजी आणि थोडं इटालियन येत होतं, म्हणजे पुण्यात रिक्षावाल्याशी बोलायला उपयोगी असं काहीच येत नव्हतं. अभयची आणि तिची ओळख विद्यापीठात झाली. मराठी मात्र मी शिकवली. अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात खडकवासल्याच्या कालव्याचा पत्रव्यवहार करण्यात गेलेला माणूस जशी शिकवणार, तशीच ती शिकली. आमटी उतू जायला लागली की म्हणते, "बाबा, आपल्या निदर्शनास आणून देते की गॅस मोठा आहे." लग्नानंतर दोघांनी हिंजवडीच्या बाजूला भाड्याने घर शोधलं. घरमालक अभयला आडनाव विचारत आणि तिला देश. प्रश्न तोच होता, ताई, फक्त नकाशा मोठा झाला होता. शेवटी दोघं माझ्याकडेच राहिली, त्यामुळे त्या सगळ्या घरमालकांचा मी ऋणी आहे.

पुढे हिंजवडीतल्या एका कंपनीत ती लागली. नोकरीसाठी आलेले अर्ज चाळायचे आणि बहुतेकांना नकार कळवायचा, हे काम. (येरवड्याहून हिंजवडीला रोज जाणं हेसुद्धा कामच, पण त्याचा पगार मिळत नाही.) ही बाई नाकारलेल्या पोरांना फोन करून विचारायची, तुला खरंच हेच काम हवं होतं का? साहेबांनी तिला समज दिली. मग कंपनीने माणसं कमी करायला घेतली, आणि ते कळवण्याचं कामही हिच्याच गळ्यात पडलं. सगळ्यांना कळवून झाल्यावर एके दिवशी हाताखालच्या मुलीने हिलाच आत बोलावलं. सांगता सांगता ती मुलगी रडायला लागली, तेव्हा नोकरी गेलेल्या सेलामने तिला पाणी दिलं आणि तिचं म्हणणं ऐकून घेतलं. घरी येऊन म्हणाली, "बाबा, आज मला माझं काम सापडलं." मला वाटलं, धक्क्याने असं बोलतेय. मी अभयला म्हटलं, हिला खडकवासल्याला फिरवून आण.

तिने ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलं. त्यात सरावासाठी माणसं लागतात, आणि परदेशी बाईपुढे आपलं दुःख कोण मांडणार? त्यात तिच्या देशाच्या रिवाजाप्रमाणे ती घरी हिरव्या कॉफीच्या बिया तव्यावर भाजते. धूर झाला की वरच्या मजल्यावरच्या सुहासिनीबाई केतकर, बँकेतून निवृत्त झालेल्या, तक्रार करायला खाली येतात. एकदा सेलामने त्यांना आत बसवलं. तिकडे कॉफी तीनदा उकळून तीनदा देतात, सोबत मक्याच्या लाह्या, आणि मधेच उठणं असभ्य समजतात. पहिल्या कपाला बाई धुराबद्दल बोलल्या. दुसऱ्या कपाला सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल. तिसऱ्या कपाला म्हणाल्या, निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारतच नाही हो. सेलामने विचारलं, कुणी काय विचारलेलं तुम्हाला आवडेल? सुहासिनीबाई आता बचत गटाच्या बायकांना बँकेचे व्यवहार शिकवतात. धुराबद्दल अजूनही तक्रार करतात, पण लेखी नाही.

त्यांच्यामागून माणसं येऊ लागली, आणि आता रीतसर वेळ घेऊन येतात. सूनबाई काय करते, ते हे. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
सीताराम

ता. क. – खरं तर पत्र लिहायला घेतलं ते पुढच्या मजकुरासाठी, पण वर जागा सापडेना. तुझी नात दीक्षा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आमच्याकडे राहते, ती मागच्या महिन्यात सेलामजवळ कॉफीला बसली. मी पेपर वाचत होतो (म्हणजे ऐकत होतो). सेलामने विचारलं, "तू पास झालीस, तर पहिल्या दिवशी काय करशील?" दीक्षा लगेच म्हणाली, "आजीला माझ्या खुर्चीत बसवीन."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

पोरगी म्हणाली, "दुसऱ्या दिवसाचा मी कधी विचारच केला नाही, मामी."

ताई, आपले अण्णा जन्मभर मामलेदाराच्या दाराबाहेर स्टुलावर बसले. आत जाऊन बसा, हे एकच ते आपल्याला सांगत आले. मी आत गेलो, कारकून म्हणून. तू मुख्याध्यापिका झालीस. दीक्षाने त्याच्याही पुढच्या खुर्चीत बसावं, यात तुझं काय चुकलं? मी तेच बोलायला तोंड उघडलं, तर सेलामने लाह्यांचा वाडगा माझ्या हातात दिला. तोंडात लाह्या असल्यामुळे मला पुढचं ऐकावं लागलं. अभ्यासिकेसमोर कर्णबधिर मुलांची शाळा आहे. खिडकीतून बघता बघता दीक्षा त्यांच्या खुणा शिकली, आणि आता दुपारी तिथे जाते. तिला त्यांची दुभाषी व्हायचं आहे. दवाखान्यात, कोर्टात, कचेरीत त्यांच्या बाजूने बोलणारं माणूस लागतं म्हणे. सांगताना तिचे हात हलत होते. एवढं बोलणारी दीक्षा मी या घरात पाहिली नव्हती. अण्णांना हे पटलं असतं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. कचेरीच्या दारात अडकलेल्या माणसाला आत नेणारं कुणीतरी, हे त्यांना परकं वाटलं नसतं, असं मला वाटतं.

तिने यंदा परीक्षेचा अर्ज भरलेला नाही. शनिवारी ती तुला स्वतः सांगायला येते आहे. तुझा पहिला राग या पत्रावर निघावा, म्हणून आधी कळवलं. फाडायचं तर फाड, मी दुसरं लिहीन.

ता. क. दुसरा – हे पत्र सेलामला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, यात तुम्ही आत्यांना सगळा सल्लाच दिला आहे, सबब हे कोचिंग नाही." मी म्हटलं, बरोबर आहे, मी कोच नाही, भाऊ आहे. पायमोज्यांचंही खोडणार नाही.

ता. क. तिसरा – पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात दीक्षा आली. कुणाला लिहिताय म्हणाली. सांगितलं. वाचायला दिलं नाही, खाली एक ओळ लिहायला दिली. तिच्या अक्षरात आहे ती अशी:

आजी, खूप रागाव, मला चालेल. फक्त अबोला धरू नकोस.