झटपट रोवणा प्रायव्हेट लिमिटेड

१२ जून २०२३, सकाळी ९
कंपनीने मला मोकळं केल्याला आज तीन महिने झाले. लेऑफ हा शब्द मी वापरत नाही. हैदराबादच्या आमच्या टीममधल्या चौघांनी स्वतःची स्टार्टअप काढली. गुंजनने तर ऑफिसही घेतलं. ही गुंजन सात वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची आणि एक्सेलमध्ये अडली की मलाच विचारायची. त्यावरून माझं भवितव्य स्पष्ट आहे.
निर्णय पक्का. फाउंडर व्हायचं. हेडक्वार्टर: आमचं गाव अड्याळ, घराची माडी.

१४ जून
आयडिया आली. अंघोळीत.
दरवर्षी रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बाया मिळत नाहीत म्हणून अख्खा तालुका ओरडतो. आता शेतकरी ॲपवर मागणी टाकेल, बाया 'ॲक्सेप्ट' दाबतील, काम फत्ते. नाव: झटपट रोवणा.
रुचिता शाळेतलं प्रवेशाचं काम आटपून दमून आली होती, तरी तिला बसवून सगळं सांगितलं. तिने विचारलं, बायांना विचारलं का? बायकोला बिझनेस समजावणं अवघड. नंतर विचारू.

२७ जून
ॲप ऐंशी टक्के तयार. लॉगिनचं पान अप्रतिम झालंय. मागचा हिरवा रंग ठरवायला चार दिवस गेले, पण धानाचा हिरवा म्हणजे मिरचीचा हिरवा नव्हे.
बाकीचे वीस टक्के किरकोळ आहेत. बाया, शेतकरी वगैरे.

३ जुलै
शकुनबाईंना भेटलो. गावातला निम्मा रोवणा त्यांच्याच हातात. सव्वीस बाया, आणि सगळा कारभार साध्या बटणांच्या फोनवर. म्हणजे आमची एकमेव कॉम्पिटिटर.
त्यांना एरिया पार्टनर व्हायची ऑफर दिली. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,
"कोन्याच्या घरी बायायले दुपारी पानीबी विचारत नाही, हे तुया ॲपात कुठी लिवून हाय, बाबू?"
मी म्हटलं, रेटिंगची सोय पुढच्या व्हर्जनमध्ये.
"आन् निर्मलाबाईची पोरगी बाळंत झाली, ते आठ रोज येनार नाही, हे कोन सांगन त्याले?"
हे त्याच्याही पुढच्या व्हर्जनमध्ये.
एकूण मीटिंग पॉझिटिव्ह.

९ जुलै
बाबांचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पंधरा तारखेला काढायला येतात. दरवर्षी ते आठवडाभर आधीच शकुनबाईंना सांगून ठेवतात. या वर्षी मी थांबवलं. आपलंच शेत पायलट प्रोजेक्ट.
बाबांनी एवढंच विचारलं, "नक्की नं?"
म्हटलं, शंभर टक्के.
"मंग मी सांगत नाही शकुनबाईले. तू पाह्यजो."
आणि गेले. मोठमोठ्या कंपन्यांना असा कस्टमर मिळायला वर्षं लागतात.

१५ जुलै, सकाळी ६
लाँच! मागणी टाकली: वीस बाया, आठ वाजता. बाबांनी आणि शेजारच्या केवळरामकाकांनी कालच पऱ्हे उपटून पेंढ्या बांधून ठेवल्यात.

१५ जुलै, सकाळी ११
ॲक्सेप्ट: शून्य. रिजेक्ट: एक. आत्तापर्यंत रजिस्टर झालेली बाईही एकच, रुचिता, टेस्टिंगसाठी. तिला शाळा होती.
सर्व्हर मात्र एकदाही बंद पडला नाही.

१५ जुलै, संध्याकाळ
बाबा दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून रस्त्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत. बोलले असते तर फीडबॅक म्हणून लिहून घेतलं असतं.

१६ जुलै
वरठी, कारधा, आसपासच्या गावांत सगळीकडे फोन लावले. वरठीचा एक जण मला विमावाला समजला.
पेंढ्या पाण्यात ठेवल्यात. आजचा दिवस टिकतील, फार तर उद्या. बाबा जेवायला घरी आले नाहीत. कारण विचारलं नाही. माहीत होतं.

१७ जुलै
शाळेत जाण्याआधी रुचिता शकुनबाईंकडे गेली. मी नको म्हणत होतो, ब्रँडचा प्रश्न आहे. सगळ्या बाया पंचवीस तारखेपर्यंत बुक. तरी शकुनबाईंनी केवळरामकाकांना गळ घातली. त्यांच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, बारा बाया आज आणि उद्या दुपारनंतर आमच्याकडे येणार. काका लगेच हो म्हणाले.
शकुनबाईंची अट एकच. लावणाऱ्या बायांपुढे पेंढ्या फेकणारा त्यांचा माणूस आजारी आहे. रुचिताला म्हणाल्या, "नवरा रिकामाच हाय नं? धाड त्याले."
फाउंडरने ग्राउंडवर उतरलंच पाहिजे. उतरलो.
ता. क. रुचिताने ॲप काढून टाकलं. फोनमध्ये जागा नव्हती म्हणे.

१८ जुलै
रोवणा झाला. एक बांधी राहिली, तिथल्या पेंढ्या पिवळ्या पडल्या होत्या. बाबांनी त्या स्वतः उचलून बाजूला टाकल्या, मला हात लावू दिला नाही.
मी दोनदा चिखलात पडलो. बाया हसल्या. दुसऱ्यांदा बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला आणि म्हणाले, "तोंड पूस."
तीन दिवसांत माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द.
तेवढ्यात गुंजनचा फोन. किती यूजर झाले? शून्य म्हटलं. मग ती म्हणाली, तिच्याकडे सपोर्टमध्ये एक जागा आहे, पण इंटरव्ह्यू द्यावा लागेल. कधी देतोस?
उद्या नाही जमणार, सांगितलं. शकुनबाईंनी सकाळी सातला केवळरामकाकांच्या बांधीत बोलावलंय. जाताना म्हणाल्या होत्या, "फेकते बरा. जरा हळू हाय."
सात वर्षांत माझं इतकं चांगलं अप्रेझल झालं नव्हतं.