जगतापबाईंचा चहा

सोम. ६ जाने.
चहाविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवतो. ज्या द्रव्यावर उभी हयात डोळे झाकून विश्वास टाकला, त्याने ऐन अडचणीत दगा दिला. केमो सुरू झाल्यापासून चहाला गंजलेल्या खिळ्याची चव येते. वसुधाने आलं घातलं. आल्याचा खिळा. वेलची घातली. सणासुदीचा खिळा. शेवटी म्हणाली, "अहो, मग पिऊ नका." बायकोने नवऱ्याला द्यायचा हा सल्ला नव्हे.
उद्या पुन्हा सलाइन. आतड्यातली गाठ काढून झाली, आता तिच्या नातेवाइकांचा बंदोबस्त चालू आहे असं डॉक्टर म्हणतात. (म्हणजे मी म्हणतो. डॉक्टर बोलत नाहीत.)

मंगळ. ७ जाने.
शेजारच्या खुर्चीत पुन्हा त्याच बाई. जगताप. विश्रांतवाडीला पिठाची गिरणी, वय साठीचं, छातीतली गाठ. जन्मभर गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा लिफ्टपर्यंत जाते. कोणी बोलू नये म्हणून मी मुद्दाम जाड पुस्तक नेलं होतं. उपयोग शून्य.
काय करता, विचारलं. शाळेत संस्कृत शिकवतो म्हटलं. म्हणजे पूजा सांगता. नाही, फक्त भाषा. देवाबिवावर माझा विश्वास नाही. बाईंनी माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. "गिरणी हाय आन् भाकरी खात न्हाय, असं झालं की सर तुमचं."
घरी आल्यावर आधी हे वाक्य उतरवलं. नोंद घेण्यासारखी गोष्ट.
एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात थर्मासचा चहा. मी म्हटलं, बाई, तुम्हाला दोन्हीकडून औषध चालू आहे, नक्की कोणतं लागू पडतंय ते डॉक्टरांना कसं कळणार? इतक्या हसल्या की सिस्टर सुई बघायला धावत आली. माझ्या खिळ्याची हकीकतही सांगितली. पुन्हा हसल्या.

मंगळ. २८ जाने.
थर्मास नाही. विचारलं.
"सोडला चहा. तुमच्या नावानं."
गर्दीत जायची आम्हा दोघांना बंदी. तर या बाईंनी बुधवार पेठेत गणपतीसमोर रिक्षा उभी करायला लावली आणि आतूनच नवस बोलल्या. माझा स्कॅन चांगला येईपर्यंत चहा बंद, आणि त्यानंतरचा पहिला कप माझ्याच हातून घ्यायचा. मी विचारलं, माझी परवानगी?
"देवाला विचारली. तुमचा देव न्हाय, मग तुमच्या वाटचं कुनी बोलायला नको का?"
घरी येऊन वसुधाला तक्रारीच्या सुरात सांगितलं. निवडत होती ती मेथी तशीच ठेवून आत गेली. बऱ्याच वेळाने आली. डोळे लाल होते. मेथी तोवर मी निवडून ठेवली होती.

गुरु. ६ फेब्रु.
एवढी चहाबाज बाई माझ्यासाठी तोंड कोरडं ठेवून बसली आहे. आपणही तिच्यासाठी काही सोडावं. चहा सोडणं ही शुद्ध लबाडी. वांगं मी खातच नाही. प्रिय वस्तू हवी. वसुधाला विचारलं, मला सर्वांत प्रिय काय? पोळी लाटता लाटता, मान वर न करता: "टोमणे."
विचार करायलासुद्धा थांबली नाही.
संध्याकाळी ती भाजी आणायला गेल्यावर देव्हाऱ्यापुढे उभा राहिलो. ते खातं तिचं, त्यामुळे परक्या कचेरीत शिरल्यासारखं वाटलं. ज.बाईंचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत टोमणा बंद. मोठ्याने बोललो नाही. कोणाला सांगणारही नाही.

शनि. ८ फेब्रु.
कठीण आहे. सोसायटीत सूचना लागली: लिफ्ट बंद, सहकार्याबद्दल आभार. सहकार्य कोणाचं, लिफ्टचं की
थांबलो.
उपम्यात मीठ नव्हतं. छान झालाय म्हणालो. वसुधाने कपाळाला हात लावून पाहिला आणि थर्मामीटर आणला.

मंगळ. १८ फेब्रु.
ज.बाई आज मुलाची, संतोषची, क्रिकेटची टोपी घालून आल्या. टक्कल झाकायला. ओठावर चार वाक्यं आली. चारही गिळली. "छान दिसतेय," म्हणालो.
त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग खरोखरच्या हळू आवाजात, जो मी प्रथमच ऐकला: "सर, डॉक्टर काय बोललं का माझ्याबद्दल?"
नाही म्हटलं.
"मग ग्वाड का बोलताय?"
नवस सांगता येत नव्हता. माझे हात या औषधाने गार पडतात, मुंग्या येतात. त्यांनी मधल्या जागेतून हात पुढे केला, माझा धरला आणि डोळे मिटले. सलाइन संपेपर्यंत तसाच. मी पुस्तक उघडलं नाही.

मंगळ. ११ मार्च
माझी शेवटची सलाइन. शेजारची खुर्ची रिकामी. निघताना व्हरांड्यात संतोषबरोबर भेटल्या. स्कॅन झाला. यकृतावर डाग आलेत. औषध बदलणार. हे सगळं संतोषने सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, "तुमचा स्कॅन कधी हाय?"

बुध. २६ मार्च
स्वच्छ. डॉक्टर सलग तीन वाक्यं बोलले. वसुधा सकाळपासून फोनवर. चहा घेतला. जवळजवळ चहाच.
दुपारी विश्रांतवाडीला फोन केला. संतोष म्हणाला, आई म्हणतेय पाडव्याला या, दूध जास्त घेऊन ठेवते.

रवि. ३० मार्च, पाडवा
वसुधाबरोबर विश्रांतवाडीला. गिरणी बंद, दाराशी गुढी. बाई खाटेवर, निम्म्या झालेल्या. तिथून हुकूम सोडत होत्या: साखर अजून, उकळू द्या, ओतायची घाई नको. चहा मी केला. बशीत ओतून त्यांच्या हातात दिला. किती तरी वेळ नुसता वास घेत राहिल्या. मग एक घोट.
"सर, खिळा." आणि हसल्या. "तुमचा खिळा माझ्याकडं आला वाटतं."
संतोष हसला. वसुधाही हसली. मी हसल्यासारखं केलं.
बशी पुरी संपवली. म्हणाल्या, "आता तरी एक टोमणा मारा. लई दिवस झाले."
होता. अगदी जिभेवर होता, त्यांच्या हुकमांवरचा. "चहा छान झालाय," म्हणालो.
"पुन्हा ग्वाड," म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं.
परतताना येरवडा मागे पडला. पुढे मी रिक्षावाल्याला बुधवार पेठेतून घ्यायला सांगितलं. गणपतीसमोर थांबवली. उतरलो नाही. आत बसून काय बोललो ते इथे लिहीत नाही. वसुधाने पदर डोक्यावर घेतला.

सोम. ३१ मार्च
गुरुवारी ज.बाईंचं नवं औषध सुरू होतंय. जाणार आहे. आता मला तिथे खुर्ची नाही, स्टुलावर बसेन.
वसुधाला आज सगळं सांगितलं, माझ्या नवसासकट. म्हणाली, मग त्यांनाही सांगा ना. मी म्हटलं, सांगितला आणि मोडला तर? ज्याचा विश्वास नाही त्याने विचारावा असा हा प्रश्न नव्हता.
खरं लिहितो. मला भीती वाटते. माझा रिपोर्ट चांगला आला तो त्यांच्या वाटचा होता, असं मनात येतं आणि जात नाही. मी गोड बोलतो म्हणून त्या मरणाला भितात. आणि गुरुवारी एक टोमणा मारला, त्या हसल्या, आणि नंतर काही झालं, तर ते माझ्यामुळे झालं असं मला कायमचं वाटत राहील. काय करावं, मला कळत नाही.