खालच्या कप्प्यातलं पाकीट

१२ मार्च, मंगळवार

तीर्थरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे. आम्ही बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालतो. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? तेल चोळतेस की नुसती बाटली उशाशी ठेवतेस? हिची कंबर अधूनमधून धरते, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा काळजी नको.

इकडची बातमी म्हणजे आमच्या बाई दवाखान्यात आहेत. बाई म्हणजे विद्यापीठातल्या आमच्या खात्याच्या प्रमुख, ज्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं आहे. शनिवारी, दोन तारखेला, सकाळी घरातच कोसळल्या. मेंदूत रक्त साकळलं होतं म्हणतात. शुद्धीवर आहेत, बोलतात, पण डॉक्टरांनी बजावलं आहे की कामाचा एक शब्द त्यांच्या कानावर जाता कामा नये. त्यांची खुर्ची रिकामी आहे. मी रोज ती पुसतो. पुसून काय उपयोग, पण सवय.

तुला ठाऊकच आहे, मी रिटायर झालो, तरी बाईंनी मला वर्षावर्षाच्या कागदावर ठेवून घेतलं. किल्ल्या माझ्याकडे, भेटीची डायरी माझ्याकडे, कुठली फाइल कुठे ती माझ्या डोक्यात. इंग्रजी मला धड येत नाही, पण फितीच्या रंगावरून मी फाइल ओळखतो, आणि अजून एकदाही चुकलो नाही. म्हणजे चुकलो नव्हतो.

आता बाईच नसल्या तर मला कोण विचारतो? उपप्रमुख येऊन बाईंच्या दालनात डोकावून जातात आणि माझ्याकडे असं बघतात, जसं जुन्या कपाटाकडे बघावं: हलवायचं की मोडायचं.

आणखी एक भानगड झाली आहे. तुला सांगून काय करायचं, पण लिहितो. खात्यात एक मुलगी भुंग्यांवर संशोधन करते. आम्ही तिला भुंगेवालीच म्हणतो. तिची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती, त्यात पोरीचं काम मागे पडलं. सहा महिने मुदत वाढवून हवी होती. त्यासाठी बाईंचं पत्र दोन तारखेच्या दुपारपर्यंत मुख्य कचेरीत पोचायला हवं होतं. पोचलं नाही. तिचं नाव कापलं. पाच वर्षांची मेहनत पाण्यात.

जावक वहीत त्या पत्राचा नंबर आहे. नंबर टाकला आमच्या टायपिस्टने. पत्र मात्र कुठे नाही. म्हणून सगळे तिच्या मागे लागले आहेत. ती कंत्राटावर आहे, तिला एक लहान लेक आहे, नवऱ्याचा पत्ता नाही. मला काका म्हणते. चष्मा घरी राहिला तर नोटिशी वाचून दाखवते. चांगली पोर आहे.

मलाही विचारलं. मी सांगितलं काय ते.

झोप येत नाही. छातीत धडधडतं. वयाचं असेल. हिला काही कळवू नकोस, उगीच घोर लावून घेईल.

तुझा धाकटा भाऊ

१८ मार्च, सोमवार

तीर्थरूप अक्का,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं, पण चाबकाच्या फटक्यासारखं. “गुडघ्याचं विचारू नकोस, पोटात काय दडवलंस ते लिही. लहानपणी दुधाचं भांडं सांडलंस की असाच आधी माझी चौकशी करायचास.” तुझ्यापुढे लपवणं म्हणजे कोंबडं टोपलीखाली झाकण्यासारखं आहे.

तर ऐक. शेवटपर्यंत वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

आमच्या बाईंचा राग वाईट. माणूस सोन्यासारखं, पण डोकं तापलं की समोर कोण आहे ते बघत नाहीत. मी त्यांच्याकडे लागलो त्या पहिल्याच वर्षी कुलगुरूंशी त्यांचं वाजलं. बाईंनी आपल्या हाताने पत्र लिहिलं, पाकीट स्वतः चिकटवलं, माझ्यापुढे आदळलं, “लगेच न्या.” त्या दिवशी मला ताप भरला होता. पाकीट टेबलाच्या खालच्या कप्प्यात टाकलं आणि राहिलंच. दुसऱ्या दिवशी बाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने आल्या. “कालचं पत्र पोचलं?” मी म्हटलं, “नाही बाई, राहिलं. माफ करा.” त्यांनी हात पुढे केला. मी पाकीट दिलं. त्यांनी त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि म्हणाल्या, “चहा सांगा. दोन सांगा, एक तुम्हाला.”

बस, तेवढंच. त्यावर ना त्या कधी बोलल्या, ना मी. पण तेव्हापासून पत्र रागाचं आहे असं दिसलं की मी ते एक रात्र खालच्या कप्प्यात, फडक्यांच्या खाली ठेवायचो. सकाळी दारात उभं राहून म्हणायचो, “बाई, कालचं एक आहे.” त्या एकतर “पाठवा” म्हणायच्या, नाहीतर हात पुढे करायच्या. दहातली सहा-सात पत्रं फाटायची. अकरा वर्षांत किती माणसांच्या नोकऱ्या आणि किती भांडणं त्या कप्प्यात विझली असतील, माझं मलाच माहीत. मला त्याचा अभिमान होता, अक्का. सातवी शिकलेला माणूस मी, पण एवढ्या शिकलेल्या बाईंचा राग माझ्या कप्प्यात मुक्कामाला असायचा.

रागाचं पत्र मी कसं ओळखायचो? टाईप न करता हाताने लिहिलेलं. आधी फोनवर आवाज चढलेला. पाकिटाची घडी वाकडी. आणि बाईंचे कान लाल.

एक तारखेला, शुक्रवारी, हे सगळं होतं. मी दालनात फायली लावत होतो. बाई फोनवर मुख्य कचेरीच्या कुणाला तरी फाडून खात होत्या. फोन आपटला, कागद ओढला, लिहिलं. दारातून टायपिस्टला ओरडून सांगितलं, “जावक नंबर दे.” तिने तिच्या टेबलावरूनच नंबर सांगितला, वहीत लिहिला. तिने पाकीट पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी ते वाकडंतिकडं चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. “हे लगेच.” आता लगेच तर त्या नेहमीच म्हणायच्या.

मी ते कप्प्यात ठेवलं.

शनिवारी विचारायला मी दारात उभा राहिलो, पण बाई आल्याच नाहीत. सोमवारी कळलं त्या दवाखान्यात आहेत. मंगळवारी भुंगेवाली जिन्यात बसून रडताना दिसली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या रागावल्या होत्या ते तिच्यावर नाही, तिच्यासाठी.

तेव्हाच उठून द्यायला हवं होतं. कळतं मला. पण पाय जमिनीत रुतले. पाच तारखेला दिलं नाही, सहाला द्यायला जास्त भीती, सातला त्याहून जास्त. मग उपप्रमुखांनी बोलावलं. “तुमच्याकडे ते पत्र आलं होतं का?” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही साहेब, माझ्याकडे काही आलं नाही.” टायपिस्ट शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. काका खोटं बोलेल असं तिच्या मनात कशाला येईल?

अजून एक आहे. ते लिहायला हात होत नाही.

मी परवा बाईंना बघायला गेलो होतो. त्यांच्या भावाने पाच मिनिटं दिली. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. बाईंनी मला बघून पहिली गोष्ट विचारली, “त्या पोरीचं पत्र गेलं ना?”

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

गुरुवारी चौकशी आहे. तीन माणसं टेबलाच्या पलीकडे बसणार. टेबलापलीकडच्या माणसांचं मला काय होतं ते तू पाहिलं आहेस. सातवीच्या तोंडी परीक्षेतून मी पळालो तो पुन्हा शाळेत गेलो नाही, आणि तू घरी सांगितलंस की याला शिकायचंच नाही. शिकायचं होतं गं. त्या तिघांपुढे उभं राहायचं नव्हतं.

पाकीट फोडलेलं नाही. कप्प्यातून काढून घरी आणलं आहे. आणताना जिन्यावर तीनदा मागे वळून पाहिलं. जाळून टाकावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. काडीही पेटवली होती. ही म्हणाली, “भरदुपारी काड्या कसल्या ओढताय?” मी विझवली.

काय करू ते कळव. नाही, कळवू नकोस. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, म्हणूनच धडधडतं आहे.

तुझा भित्रा भाऊ

२२ मार्च, शुक्रवार

तीर्थरूप अक्का,

झालं. सांगितलं.

कसं झालं ते सगळं लिहितो, नाहीतर तू अर्धंच खरं मानशील. काल सकाळी अकराला आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी आणि टायपिस्ट. ती येताना दोन पेले चहा घेऊन आली होती. माझा चहा तोंडात कमी आणि धोतरावर जास्त गेला. ती म्हणाली, “काका, नोकरी माझी जायची आहे आणि घाम तुम्हाला फुटलाय.” आणि हसली.

आधी तिला आत घेतलं. दार अर्धवट उघडं होतं. मुख्य कचेरीतून आलेले साहेब म्हणाले, “नंबर टाकलास, पण पत्र पाहिलं नाहीस, हे आम्ही खरं मानायचं?” ती म्हणाली, “मानू नका. पण मी पाहिलं नाही.” उपप्रमुख म्हणाले, “कंत्राट इथेच संपवू या, कशाला वाढवायचं?” साहेब काहीतरी लिहायला लागले.

मी उठलो की माझे पाय उठले ते मला सांगता येणार नाही. आत जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “पत्र माझ्याकडे आहे.”

आणि अक्का, गंमत बघ, कुणी विश्वासच ठेवला नाही. साहेब म्हणाले, “बाबा, तुमची दया समजते आम्हाला. पण असं कुणाला वाचवता येत नाही.” टायपिस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, माझ्यासाठी खोटं बोलू नका हो.” त्या क्षणी मी घरी परत जाऊ शकलो असतो. खरं सांगूनही सुटलो असतो. शपथेवर सांगतो, एक श्वासभर तोही विचार आला.

मग मी बंडीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी फोडलं, वाचलं. बाईंचं अक्षर, एक तारीख, वहीतला तोच नंबर. भुंगेवालीला सहा महिने द्यावेत, म्हणून दीड पान. साहेबांनी विचारलं, “का ठेवलंत?”

आता काय सांगणार? कप्प्याची गोष्ट सांगावी, तर उपप्रमुख समोर बसलेले. बाई रागाच्या भरात पत्रं लिहितात आणि सकाळी फाडतात, हे त्यांच्या हाती दिलं असतं तर त्यांनी बाईंना त्या खुर्चीवर परत बसू दिलं नसतं. मी म्हटलं, “विसरलो.”

“आणि विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?”

“भ्यालो.”

हे मात्र त्यांनी लगेच खरं मानलं.

किल्ल्या काढून घेतल्या. जुडग्यातून एकेक मी स्वतःच सोडवून दिली, कुठली कशाची ते सांगितलं. सोमवारी निर्णय कळवणार, तोवर फिरकू नका म्हणाले. पत्र वेळेत लिहिलं गेलं होतं हे वहीवरून ठरलं, म्हणून भुंगेवालीचं नाव परत लागेल असं दिसतं. टायपिस्टचं कंत्राट राहिलं.

बाहेर ती पेले उचलत होती. मी म्हटलं, “पोरी.” तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, “वीस दिवस. रोज माझ्याबरोबर चहा घेतलात.” आणि आत गेली. काका म्हणाली नाही.

तिथूनच दवाखान्यात गेलो. बाईंना दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी सांगायला हवं होतं. त्यांच्या भावाला म्हटलं, दोनच मिनिटं. सगळं सांगितलं. पत्र गेलं नव्हतं, मी मान खोटी हलवली, आज दिलं, विसरलो असं सांगितलं. बाई भिंतीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “मी तुम्हाला कधी पत्रं ठेवून घ्या असं सांगितलं होतं का?”

खरंच सांगितलं नव्हतं. एकदाही नाही.

मी म्हटलं, “नाही बाई. कधीच नाही.”

त्यांच्या हाताची बोटं चादरीची कड चुरगळत होती. अक्का, मी आयुष्यभर भ्यालेला माणूस आहे. भ्यालेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. एवढ्या मोठ्या बाई, आणि त्या मला भीत होत्या. मी कप्प्याचं काही बोलेन म्हणून. मी म्हटलं, “बाई, मी विसरलो. कागदावर तसंच लिहिलं आहे. तुम्ही निवांत पडा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण चादर सोडली.

हिला रात्री सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणून त्या काड्या.” आणि ताट वाढलं.

सोमवारचं माहीत नाही. बाहेर कुणाची पावलं वाजली की अजून दचकतो. भीती गेली म्हणशील, तर नाही गेली. पण वीस दिवस ती त्या पोरीच्या डोक्यावर ठेवून मी शेजारी बसलो होतो, ती तिथून उचलून आणली आहे. जड आहे. माझीच आहे, म्हणून धरली आहे.

तुझा गुडघा दुखत असेल, तेव्हा ये असं म्हणत नाही. आलीस तर दार उघडंच असेल.

तुझ्यापासून आता काही न लपवलेला,
तुझा भाऊ