ड्रॅगनचे मागचे पाय

सोमवार, ३ मार्च

आज ड्रॅगन पुन्हा भलतीकडे वळला. थेट शिंगाड्याच्या अंगावर! शिंगाड्या म्हणजे आमच्या खेळातला व्हायकिंगांचा सरदार. डोक्यावर शिंगांचा टोप, तलवार लाकडाची, ऐट मात्र खरी. ड्रॅगनला मारायला येतो आणि शेवटी त्याच्याच गळ्यात पडतो, एवढाच खेळ. पोरं तेवढ्यावर खूश.

खेळ सुटल्यावर म्हणाला, "वहिनी, तुमचं भांडण घरी मिटवून येत जा."

माझी काय चूक? ड्रॅगनच्या पोशाखात आम्ही नवरा-बायको दोघं: पुढे हे, डोकं आणि पुढचे पाय; मी मागचे पाय आणि शेपूट. आत मला काळोख. ह्यांचा पट्टा धरायचा, कान उघडे ठेवायचे. हे खोकले की डावीकडे वळायचं, ही आमची पहिल्यापासूनची खूण. आज नको तिथे खोकले. येताना झापलं— "खूण करायची तर नीट करा." नुसते हसले.

बुधवार, ५ मार्च

आज तर जागच्या जागी गोल फिरलो. पोरं हसून लोळली. मॅनेजर म्हणतो, "झकास! हे ठेवा." ठेवा म्हणे. गुडघे माझे जातात, त्याचं काय जातंय.

घरी एकदाही खोकत नाहीत, ड्रॅगनच्या आत गेले की सुरू. घरी सारखे बाहेर जातात मात्र. हवा खायला.

शनिवार, ८ मार्च

पोशाख धुवायला काढला. डोक्याच्या अस्तराला लाल डाग.

विचारलं. म्हणाले, "रंग लागला असेल गं, शिंगाड्याच्या ढालीचा."

ढाल निळी आहे.

सोमवार, १० मार्च

ओढत नेलं दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला. फुप्फुस. "इतके दिवस काय करत होतात?" म्हणाल्या.

हे म्हणतात कसे, "ड्रॅगन होतो."

बाई हसल्या नाहीत. मीही नाही.

गुरुवार, २० मार्च

आज विचारलंच. खूण कुठली आणि दुखणं कुठलं, मला आत कळायचं कसं?

श्वास गोळा करत बोलले, "खूण मी कधीच सोडली होती. तू वळायचीस, मी तुझ्यामागून."

पुढचे पाय मागच्या पायांमागून! असा ड्रॅगन असतो कुठे?

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू मला आत जाऊ दिलं असतंस?"

नसतंच दिलं. भांडायचं होतं, पण चमच्याने पाणी पाजत बसले. मेलं तेही ठसक्याने बाहेर येतं.

बुधवार, २६ मार्च

हे गेले.

शुक्रवार, १८ एप्रिल

मॅनेजरने बोलावलं. डोकं आता मी घालायचं, मागे नवा माणूस. अस्तर बदलतो म्हणत होता, हात लावू दिला नाही. आत अजून ह्यांच्या तेलाचा वास आहे.

नव्या माणसाने विचारलं, "मावशी, वळायची खूण काय?"

म्हटलं, "पट्ट्याला झटका देईन. खोकणार नाही."

शिंगाड्याने टोप काढला आणि उगाच शिंगं पुसत बसला.

रविवार, २० एप्रिल

आज पहिला खेळ. सरळच चालायचं होतं. प्रेक्षकांत कोणीतरी खोकलं.

मी वळले.