पोटातल्या कॉम्पुटरचा नंबर

४ डिसेंबर, कुरखेडा
पल्लवीच्या कॉम्पुटरच्या पोटात आणखी एक कॉम्पुटर हाय. खोटं नाई. पडद्यावर खिडकी, खिडकीत दुसरा. हात लावाले नाई, पण चालते. व्हर्च्युअल मशीन म्हणते. माही नातीन बनवते! शेजारच्या मालूले बोलावून दाखवलं. मालू म्हणे, "बाई, कितवा महिना?" हासून हासून ठसका लागला.
परवा पल्लवी चंद्रपूरले. तिथून हा पोटातला चालवून साहेबाले दाखवन. जमलं तं नोकरी.

६ डिसेंबर
पल्लवी सकाळच्या बसनं गेली. मंग इथी लाईन गेली, आली. तिचा फोन. "आजी, लाईन गेल्यानं पोटातल्याचा नंबर उडाला असन. कॉम्पुटर चालू केला का खिडकी आपोआप उघडन. शेवटच्या खान्यात पंचवीस टाक आन् मोठं बटन दाब."
बाहेरच्या मोठ्या कॉम्पुटरचा नंबर तिनं मले दाखवला होता, शेवटी पाच.
माह्या धाकट्या पोरानं चूल वेगळी केली तवा घराले दुसरा नंबर पडला. तवापासून सणालेही येत नाई. आन् हे तं पोटातलं लेकरू! त्याले काऊन वेगळं काढाचं? म्या पाचच टाकला. फोनवर म्हटलं, "टाकला व माय."
दुपारी परत फोन. लागूनच नाई राह्यलं म्हणे. साहेब उठून गेला.

७ डिसेंबर
पोरगी आली. पडद्याकडं पाहून कपाळाले हात. "दोघाले एकच नंबर! निरोप कोणाचा, कोणाले द्यायचा, काहीच कळत नाई. दोघंही अडकतात." मंग आपणच म्हणे, "म्याच गडबडीत पाच सांगतला असन."
साहेबाले फोन केला. "सर, चूक माझी आहे." म्या बाजूलेच तांदूळ निवडत होतो. निवडतच राह्यलो. साहेब म्हणे, पाहू.
येवढी हुशार पोर, आन् माह्यापायी...

९ डिसेंबर
साहेबाचा फोन नाई. पल्लवीनं पोटातल्याले पंचवीस देला. दोघंही बोलून राह्यले आता. एकाच घरात, नंबर वेगळे, भांडण नाई. मले मोठी गंमत वाटली.
पल्लवी म्हणे, "आजी, खरं सांग. म्या पाच म्हटलं होतं का पंचवीस? पंचवीसच म्हटलं असन तं साहेबाले तसं सांगता येईन."
म्या म्हटलं, "आधी जेव."
जेवून राह्यली. भाजी पुन्हा मागून राह्यली. वाढून येतो, मंग सांगतो तिले...