खर्जाचा पाहुणा

प्रिय तेगिददादा,

वाकून नमस्कार करवत नाही, गुडघे ऐकत नाहीत. उभ्यानेच केलाय, गोड मानून घे. तुझी छाती कशी आहे? (उगीच विचारत नाही, पुढे कळेल.) लिव्हरपूलची हवा मानवते म्हणे तुला. इथली खुशाली म्हणजे पाऊस.

माझ्या खोल्यांत भाड्याने राहायला पाहुणे मात्र येतात. कड्यावरून चालतात, सील बघतात, मेंढ्यांचं फाटक उघडं टाकतात आणि माझ्या टेबलाशी बसून "काय हो ही शांतता!" म्हणतात. असणारच. गल्लीतल्या चौदा घरांपैकी अकरा घरांना कुलूप आहे, यांच्यासारख्यांनीच सुट्टीसाठी घेऊन ठेवलेली. तुझा मेव्हणा, माझा इद्वल, गेल्यापासून स्वयंपाकघरातही शांतता आहे, तिचं कौतुक करायला कोणी येत नाही.

आता मूळ दुखणं. चॅपेलमध्ये गाणारे आम्ही तिघंच उरलोय: मी, ऑर्गन वाजवणारी एलुनेद आणि म्हातारा ग्विलिम. खर्ज इद्वलचा, तो त्याच्याबरोबर गेला. पाद्रीबाबा म्हणाले, "सुगीच्या प्रार्थनेला चारही आवाज उभे राहिले नाहीत, तर नेस्टाबाई, दाराला कुलूप." तेवढ्यात माझ्याकडे बर्मिंगहॅमचे पार्जिटर सपत्नीक उतरले. सकाळी त्यांनी अंडं मागितलं ते अशा खर्जात, की बशा हलल्या. (इतका जाड आवाज असून माणसाला गाता येत नाही, असं आपल्या गावात कधी ऐकलंयस?) मी त्यांना हवं ते दिलं, समुद्राकडची खोली तेवढी सोडून. (ती गळते म्हणून मी कोणालाच देत नाही.) लोणी जास्त वाढलं आणि तीन दिवस आपल्या भाषेतले स्तोत्राचे शब्द घोटून घेतले.

तालमीला गृहस्थ इद्वलच्या जागी उभे राहिले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच सूर धरून बसले. एलुनेद थांबली तरी हे थांबेनात. "नेस्टे, हा बैल कुठून धरून आणलास?" ग्विलिम म्हणाला. पार्जिटरबाई शांतपणे म्हणाल्या, "घरी वाढदिवसालासुद्धा आम्ही यांना गाऊ देत नाही." मी हसले, आणि मग तिथेच बाकावर बसून रडले. पार्जिटर बिचारे धीर द्यायला म्हणाले, "खिडक्या मात्र छान आहेत हो. सुट्टीचं घर झकास होईल इथे."

तुझी,
नेस्टा

ता. क. : धावतपळत येऊ नकोस. आमचं छान चाललंय.

ता. क. : प्रार्थना ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी आहे. ग्विलिम म्हणतो, तुझा खर्ज इद्वलपेक्षा सरस होता. इद्वल असता तर मी हे लिहिलं नसतं.

ता. क. : समुद्राकडची खोली गळत नाही. कधीच गळली नाही. तू गेलास तेव्हापासून एकतीस वर्षं मी पाहुण्यांना खोटं सांगतेय.